तुम्ही काय करता?

आमच्या खेळातली गोष्ट महिनोन् महिने एकाच जंगलात अडकलेली असते, किस्से मात्र धडाधड वाढतात! दर रविवारी दुपारी, घणसोलीतल्या आमच्या घरी, डायनिंग टेबलावर. मी गोष्ट सांगते, बाकीचे त्यातली पात्रं होतात, अडलं की फासे टाकतात. माझं मुख्य काम प्रश्न विचारणं.

खरं कारण वेगळंच. माझी आठ वर्षांची रेवा घरच्यांशिवाय कुणासमोर बोलतच नाही. "व्हेरी क्वायट," टीचर म्हणाल्या, आणि माझी झोप उडाली. म्हटलं, खेळात विचारत राहू, कधीतरी तोंड उघडेल.

*

शेजारचे कांबळेदादा पहिल्यांदाच खेळायला आले. मी आवाज खोल करून म्हटलं, "समोर गुहा. आत कोणीतरी घोरतंय. दादा, तुम्ही काय करता?"

"मी? पावणे एमआयडीसीला, केमिकल कंपनीत. क्वालिटी कंट्रोलला!"

*

खेळाडूंनाही गोष्ट रचू द्यावी, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कांबळेदादांच्या बायकोला विचारलं, "सुजाता, ड्रॅगनच्या दारावर काय लिहिलंय? तूच सांग!"

"'कृपया चपला बाहेर काढाव्यात.'"

ड्रॅगन आम्ही अनवाणी मारला.

*

एकदा सहज म्हणून गेले, "नक्की हाच दरवाजा?" झालं! दारासमोर अख्खी दुपार मीटिंग. शेवटी उघडला. आत झाडू!

तेव्हापासून मी नवऱ्याला "नक्की हाच शर्ट?" विचारते. मुकाट बदलून येतो.

*

माझा प्रॉब्लेम म्हणजे प्रश्न माझा, उत्तरही माझंच. "पूल तुटलाय. रेवा, तू काय करतेस? दोरी बांधतेस? पोहतेस? पोहू नको हं, पाणी गार असेल!"

कांबळेदादा म्हणाले, "वहिनी, नदी तुमचीच आहे. कोमट करा की!"

सगळे हसले. रेवापण. पण बोलली नाही.

*

गेल्या रविवारी वाटेत राक्षस आडवा आला.

"कोण रे तू? कुठला?" कांबळेदादा गरजले.

"नाव काय? काय पायजे?" सुजाता.

"रेवा, तू काय करतेस? पळतेस? लपतेस?" अर्थात मी.

रेवा खुर्चीवर उभी राहिली. "सगळे एकदम काय विचारताय! तो बोलणारे. त्याला आधी विचार तर करू द्या!"

"सॉरी हां, राक्षससाहेब," कांबळेदादा पुटपुटले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता राक्षसाने बोलायचं होतं. राक्षस म्हणजे मीच, आणि मला काही सुचेचना!

रेवाने माझ्या हातावर हात ठेवला.

"घाई नाहीये."