खाली बसून निवडलेला टीव्ही

साताऱ्याच्या दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. आमच्या ह्यांना स्वस्तातला पसंत पडला. चित्र लय भारी हाय म्हणाले. मी तिथंच फरशीवर मांडी घातली. लोक बघत होते, बघू देत. खालनं त्या टीव्हीतली माणसं पांढरीफटक दिसत होती. महागड्यातली मात्र होती तशीच.

"मावशी, खुर्ची देतो," सेल्समन म्हणाला. "टीव्ही समोरून बघायचा असतो."

"घरी समोर सोफ्यावर हे बसत्यात. मी खाली शेंगा फोडते."

हे हसले. "तू बघतीस कवा? मान खाली घालून नुसती ऐकतीस."

"आजवर ऐकलं," मी म्हटलं आणि महागड्याकडं बोट दाखवलं. "आता बघणार हाय."