दीपमातेचे बोरिवलीतले भक्त

चाळिशीकडे झुकलेली चार माणसं दर रविवारी दुपारी जमून एका कागदावरच्या देवीची भक्ती करतात म्हटल्यावर किस्से साठणारच. आमच्याकडे तर इतके साठलेत, की नवीन माणसाला काय सांगावं आणि काय लपवावं तेच कळत नाही!

आमचा गेम तसा सोपा आहे. निलेश गोष्ट सांगतो, आम्ही आपापलं पात्र होऊन बोलतो आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. निलेशच्या गोष्टीतल्या नगरात दीपमाता नावाची देवी आहे, आणि तिच्या देवळाचा एक महापुजारी. त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही पुजाऱ्याने जखमी माणसाला बरं करायचं नाही. मीनल लढवय्यी, मी चोर आणि मनोरीहून बोटीने खाडी ओलांडून येणारा सॅव्हियो पुजारी. निलेश शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याच्याकडे नियम म्हणजे नियम.

*

आम्ही बसतो मीनलच्या घरी. दसऱ्याला तिच्या आईने आमचे फासे देवासमोर मांडले. "लढाई ह्यांनीच करता ना? मग हीच तुमची शस्त्रं!" हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं साग्रसंगीत.

पुढच्या रविवारी मीनलने राक्षसावर वीस बाजूंचा फासा टाकला, तर वरच्या बाजूला नुसतं कुंकू. आकडा गायब!

"वीस आहे, वीस!" मीनल ओरडली.

"दिसत नाही म्हणजे पडलाच नाही," असं म्हणून निलेश मोरीत जाऊन बसला आणि जुन्या टूथब्रशने त्याने एकेक फासा लख्ख घासून काढला.

काकू हळहळल्या. "देवाचं कुंकू असं घासतात का रे?"

"काकू, काय ते फासा बोलतो. मी नाही!"

*

एकदा महापुजाऱ्याने आम्हाला देवळात जेवायला बोलावलं. प्रसादाला बोकड.

"मी नाही खाणार," मीनल म्हणाली. "आज संकष्टी आहे."

"अगं, तुझी आहे. तुझ्या लढवय्यीची कुठे?" निलेशने विचारलं.

"तोंड एकच आहे ना आमचं!"

निलेशने फासा टाकला आणि महापुजारी भडकला. प्रसाद नाकारला म्हणून मीनल बहिष्कृत! तिच्यासाठी जो पुजारी प्रार्थना करील, तोही बहिष्कृत! उपवास पाळून वाळीत पडलेली दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही.

*

निलेशचा आणखी एक नियम. पुजाऱ्याने नुसतं "प्रार्थना करतो" म्हणून भागत नाही, ती तोंडाने म्हणावी लागते. त्यात सॅव्हियो धमाल करायचा. "दीपमाते, ह्या चोराचा हात बरा कर. चोरी करतो, पण बटाटेवडे हाच आणतो!"

मीनलच्या बहिष्काराचं प्रकरण त्याने गावातल्या वयस्कर फादरनाही जाऊन सांगितलं. फादरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या महापुजाऱ्याला निरोप दे. आधी माणूस बरा करायचा, परवानगी मग मागायची."

"फादर गेममध्ये नाहीत," निलेशने निकाल दिला.

*

नाताळच्या आधी सॅव्हियोचे डॅडी गेले. हॉस्पिटलमध्ये तो त्यांच्या उशाशी बसून सारखी प्रार्थना करत होता. ते गेले आणि त्याने चर्चची पायरी चढायचं सोडलं. संध्याकाळी घरात रोझरीची प्रार्थना सुरू झाली की हा अंगणात जाऊन बसायचा.

काही दिवसांनी तो गेमला यायला लागला, पण त्याचा पुजारी मुका झाला होता. कोणी जखमी झालं की म्हणायचा, "मी पट्टी बांधतो." आम्हाला फार वाईट वाटायचं, पण विषय काढायची हिंमत कोणाची होईना.

एकदा त्याच्या मम्मींचा मला फोन आला. वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाल्या, "त्याला येऊ नको म्हणू नको हां, बाबा. माझ्यासोबत एक प्रार्थना म्हणत नाही तो. तिकडे नावाला तरी पुजारी आहे ना!"



*

होळीच्या आधीच्या रविवारी मीनलच्या लढवय्यीला भाला लागला. पट्टीने भागण्यातलं नव्हतं.

निलेशने बजावलं, "सॅव्हियो, प्रार्थना केलीस तर तूही बहिष्कृत. आणि फासा पंधराच्या खाली पडला तर ती मेली."

चहा घेऊन आलेल्या काकूही ट्रे धरून तिथेच थांबल्या.

सॅव्हियो बराच वेळ फासा हातात घोळवत बसला. मग खाली बघत म्हणाला, "दीपमाते, मी तुझ्यावर रागावलोय. मागच्या वेळी मी सगळं नीट म्हटलं होतं. एक शब्द सोडला नव्हता. तू ऐकलं नाहीस. आज मला नीट येत नाहीये. ही माझी मैत्रीण आहे. एवढंच."

त्याने फासा टाकला. तो घरंगळत निलेशने पुढ्यात उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आड गेला. निलेशने वाकून बघितलं, फासा उचलला आणि खिशात टाकला.

"वाचली," तो म्हणाला.

मीनलने टेबलावरून हात पुढे करून सॅव्हियोचा हात घट्ट धरला. काकूंनी ट्रे ठेवून नमस्कार केला, कोणत्या देवीला ते त्यांनाच माहीत. सॅव्हियो चहाला थांबला नाही. "निघतो यार. आत्ताची बोट मिळाली तर मम्मीच्या रोझरीला पोचेन."

तो जिना उतरल्यावर मी निलेशला हळूच विचारलं, "किती पडले होते रे?"

"दिसलं नाही," निलेश म्हणाला. "कुंकू होतं त्याच्यावर."