देवघरातली समई आणि हिरवे ठिपके

माझ्या फ्रिजमध्ये डब्यात कोंबडीची तंगडी सापडली तेव्हा मी आधी नवऱ्याकडे बघितलं. बँकेने बदली करून मला कोलकात्याला पाठवलं, मागोमाग हेही आले, आणि डमडमच्या या फ्लॅटमध्ये आम्ही निवृत्त होऊनही तसेच राहिलो. शेजारघरच्या माशाचा वास आता नाकाला जाणवतही नाही. पण आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. हे पेपरमागे लपले.

"ती माझी आहे," आतून मुलगी ओरडली. "खायला नाही आणली. कामाला आणली."

मुलगी न्यू टाउनमधल्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर आहे. कॅन्सरच्या सर्जननी वापरायचा कॅमेरा ते लोक बनवतात. पेशंटला आधी एक हिरवा रंग टोचतात. त्यावर ठरावीक प्रकाश टाकला की तो चमकतो, पण ती चमक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसते. पडद्यावर बघून सर्जनला कळतं की नेमकं काय काढायचं आणि काय राहू द्यायचं. त्यांची प्रयोगाची खोली तेव्हा दुरुस्तीला काढली होती, म्हणून काही आठवडे हे सगळं सामान माझ्या ओट्यावर. तंगडीच्या कातडीखाली रंग टोचायचा आणि तो कॅमेऱ्यातून शोधायचा, असा खेळ. ओटा मी रोज दोनदा धुऊन घ्यायची, आणि धुताना मोठ्याने बोलायची.

आमचं देवघरही स्वयंपाकघरातच आहे. एका संध्याकाळी मी समई लावून हात जोडते आहे तोच मागून आवाज आला, "आई, तो दिवा ऑफ कर ना. स्क्रीन सगळी पांढरी झाली."

"ट्यूब घालवू?"

"ट्यूब चालते. समई नाही चालत." तिच्या त्या बंगाली वळणाच्या मराठीत तिने समजावलं ते असं: ज्योतीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही खूप निघतो, कॅमेरा नेमका तोच बघतो, आणि मग त्यात रंगाची चमक बुडून जाते.

"दिवेलागणीला लावलेली समई मी विझवणार नाही," मी म्हटलं. "तेल संपलं की होईल आपोआप शांत."

"हॉस्पिटलमध्ये डॉक्टरलोक मोठे लाइट बंद करतात! तू एक छोटी समई नाही बंद करत?"

मी कमरेवर हात ठेवले. "अंधार करून कापतात? माणसाला?"

"थोडा वेळच. बघायला."

"आणि त्या थोड्या वेळात रक्त आलं तर? ज्या बाईच्या अंगात सुरी आहे तिला विचारलंत का कधी, बत्ती घालवू का म्हणून? माझी समई मालवण्यापेक्षा तुझा कॅमेरा शहाणा कर."

ती पाय आपटत खोलीत गेली आणि जेवायला आली नाही. मी काही समजूत काढायला गेले नाही. राग तिने माझाच घेतलाय, तो कसा उतरतो ते मला ठाऊक आहे.

त्यानंतर रोज दिवेलागणीला आमच्या घरात समई विरुद्ध कॅमेरा असा सामना चालायचा. शेवटी तिने तोड काढली. कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा डोळ्यांना कळणारही नाही इतक्या भराभर चालू-बंद करायचा. चालू असतानाचं एक चित्र, बंद असतानाचं एक चित्र, आणि पहिल्यातून दुसरं वजा. समई दोन्ही चित्रांत असते, म्हणून ती वजाबाकीत निघून जाते. उरते फक्त रंगाची चमक. एका संध्याकाळी तिने मला हाक मारली. देवासमोर समई तेवत होती आणि पडद्यावर एक हिरवी रेघ स्वच्छ, ठळक दिसत होती. "आता ही कोंबडी उचल," असं मी म्हटलं खरं, पण छाती अशी फुगली होती की दुसऱ्या दिवशी टेबल टेनिसला जमलेल्या सगळ्या बायकांना पकडून पकडून सांगितलं. समईचं जरा जास्तच सांगितलं.

टेबल टेनिस हा माझा जीव. बँकेच्या टीममधून खेळले, आता सोसायटीच्या हॉलमध्ये खेळते. अजूनही माझा फोरहँड परतवताना पोरीबाळींची तारांबळ उडते. म्हणून पुढे काही वर्षांनी उजव्या स्तनात गाठ निघाली आणि ती कॅन्सरची आहे असं कळलं, तेव्हा डॉक्टरांना मी पहिला प्रश्न हाताचाच विचारला. हे रडत होते आणि मी हाताचं विचारत होते.

सर्जन बंगाली बाई, माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या. त्यांनी नीट समजावलं. काखेत सगळ्यांनाच लसिकेच्या छोट्या गाठी असतात; कॅन्सर स्तनाबाहेर पडलाच तर आधी त्यातल्या पहिल्या एक-दोन गाठींत जातो. त्या सापडल्या आणि स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या काखेला हात लावायचा नाही. सापडल्याच नाहीत तर सगळ्या गाठी काढायच्या, आणि मग हात कायमचा सुजू शकतो, जड होऊ शकतो. त्या गाठी शोधायला स्तनात टोचायचा, डोळ्यांना दिसणारा एक निळा रंग असतो; तो त्याच वाटेने काखेत पोचतो. आणि आता या हॉस्पिटलमध्ये, सगळ्या परवानग्या होऊन, माझ्या मुलीच्या कंपनीचा कॅमेराही आला होता.

मी खूश झाले. मुलगी मात्र पांढरीफटक पडली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, माझा कॅमेरा नको. निळा रंग बस आहे."

"का? बिघडतो का तो?"

"नाही बिघडत. पण तुझ्यावर नको."

"दुसऱ्यांच्या आयांवर चालतो आणि तुझ्या आईवर चालत नाही? मग तो विकू नका." ती रडायला लागली. मग मात्र मी जवळ घेतलं तिला. भीती मलाही वाटत होती, हातासाठी जितकी तितकीच लेकीसाठीही. कॅमेऱ्याला काही दिसलं नाही तर ही पोरगी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही हे मला दिसत होतं. तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी सर्जनबाईंनी दोन्ही रंग वापरायचे ठरवले आणि मुलीला ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसायचं फर्मान काढलं.

जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि काख ठणकत होती. काय काय काढलंय ते कळेना, आणि विचारायचा धीर होईना. सर्जनबाई वाकून, इकडे मावशीला म्हणतात तशी हाक मारून म्हणाल्या, "माशीमा, आपका हाथ आपके ही पास है."

मग त्यांनी सांगितलं. निळा रंग काखेपर्यंत पोचलाच नव्हता. कधी कधी असं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र एक हिरवी रेघ आली आणि तिच्या टोकाला दोन ठिपके चमकले. त्या दोनच गाठी काढल्या. तिथल्या तिथे तपासून घेतल्या, दोन्ही स्वच्छ निघाल्या. स्वच्छ निघाल्या हे माझं नशीब. सापडल्या हे मात्र नशीब नव्हे.

बाईंनी माझ्या खाटेशी उभ्या असलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या एका कॅमेऱ्यावर त्यांनी आधी काम केलं होतं, तिथे दर वेळी दिवे घालवून चाचपडावं लागे. आज मात्र सगळे दिवे लख्ख चालू होते आणि एका क्षणालाही हात थांबवावा लागला नाही. "हे सुचलं कसं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मुलगी त्यांच्याशी बंगालीतच बोलते. उत्तरही बंगालीत दिलं, पण मला शब्द न् शब्द कळला. "आईने दिवा विझवू दिला नाही, म्हणून."

मी उजवा हात उचलला. नर्स ओरडली, "हाथ मत हिलाइए!" मी हलवला, आणि तो नेऊन माझ्या लेकीच्या डोक्यावर ठेवला.