वाकड्या काकड्यांचा रविवार

टेपआत्याच्या गळ्यात मापाची टेप नाही, असा क्षण फक्त आंघोळीच्या वेळी येत असावा. त्याचीही खात्री तिची वहिनी देत नसे. बाईचा व्यवसाय शिवणकामाचा, पण सवय जगाचं माप काढण्याची. नवीन खुर्ची आली की तिची रुंदी, भाऊ जेवून उठला की त्याचं पोट. "दादा, परत वाढलास," असं ती दर आठवड्याला जाहीर करी, आणि दादा दर आठवड्याला म्हणे, "तुझी टेप आटलीय."

घर वरच्या मजल्यावर, दुकान खाली. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे गल्लीतल्या तमाम आयांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की ही बाई मोकळी आहे. "पाच मिनिटं बसू दे हो इथे," म्हणून पोर सोडून जायचं आणि दुपार उलटल्यावर उगवायचं. दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि पोरं जास्त अशी परिस्थिती झाली. त्यात एक तिची सख्खी भाची, आणि सगळ्यात चिमुकली शेजारची मुलगी, जिने एकदा शर्टाचं बटण गिळलं होतं. बटण यथावकाश बाहेर आलं, पण नाव तिला कायमचं टाचलं गेलं: बटण.

पोरं बसून राहिली तर उच्छाद मांडतात, म्हणून आत्याने त्यांना कामाला लावलं. प्रत्येकाला एक बोथट टोकाची छोटी कात्री. शिवून झालेला कपडा समोर आला की त्याचे लोंबते दोरे कातरायचे. "लोंबता दोरा म्हणजे अर्धवट काम," हे तिचं वाक्य पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पाहुण्यांच्या घरी जाऊन पडद्यांचे दोरे कातरण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आत्याला याचा केवढा अभिमान! आपण एक पिढी घडवतोय, असं तिला मनापासून वाटे.

शनिवारी दुकान बंद. पोरं मात्र बंद होत नसत. अशातच एकदा मळेकाका पँट शिवून घ्यायला आले. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता, आणि दर रविवारी शेतकरी बाजारात त्यांचा गाळा लागे. माणूस सज्जन, पण चेहरा असा की जन्मताच कुणीतरी त्याच्याशी वाद घातला असावा. आत्याने त्यांच्या कमरेभोवती टेप घट्ट आवळून विचारलं, "शनिवारी पोरांना मळा दाखवायला आणू का?" त्या अवस्थेत नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. काका म्हणाले, "आणा. पण आधी सोडा मला."

मग काय विचारता! दर शनिवारी आत्या पुढे, मागे पोरांची माळ, आणि सगळ्यांच्या बुटांना परत येताना निम्मा मळा चिकटलेला. पोरांनी गाजरं उपटली, पोरं कोंबडीच्या मागे धावली, मग कोंबडी त्यांच्या मागे धावली. बटणने मळेकाकूंना विचारलं, "ही गाजरं एवढी पुरून कुणी ठेवली?" काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी. वस्तू पुरून ठेवायची खोडच आहे त्यांना." रविवारी पोरं बाजारात जात आणि शनिवारी पाहिलेला कोबी ओळखीचा निघाला की त्याला हाक मारत. आणि आत्या? आयुष्यभर मशीनवर वाकलेली तिची पाठ बांधावर चालताना सरळ होई. वहिनी म्हणत, "शनिवारी तू दोन बोटं उंच दिसतेस." आत्याने मोजून पाहिलं होतं. खरं होतं.

आणि मग तो शनिवार उजाडला.

काकांनी काकडीचे वेल लावले होते. वर आडवी तार ताणलेली, तिच्यावरून प्रत्येक रोपासाठी एकेक सुतळी खाली सोडलेली. वेल अजून जेमतेम गुडघाभर चढले होते. त्यांच्या डोक्यावर नुसत्या सुतळ्या. आत्या आणि काकू विहिरीपाशी नव्या ब्लाउजच्या गळ्याबद्दल बोलत होत्या. काका पंपाशी झटापट करत होते. आणि पोरांसमोर एक भयंकर दृश्य उभं होतं: ओळींमागून ओळी लोंबते दोरे!

"अगं बाई," भाची म्हणाली, "काकांनी सगळं अर्धवट सोडलंय."

"बिचारे एकटेच आहेत ना," बटण म्हणाली आणि खिशातून कात्री काढली.

काम अत्यंत सफाईने झालं. काका पंपावरून आले तेव्हा अख्खा काकडीचा मळा जमिनीवर आडवा होता, आणि पोरं हात मागे बांधून शाबासकीची वाट बघत उभी होती. काकांच्या तोंडून एकच शब्द फुटला. "बाहेर!"

आत्याने क्षमा मागितली, नवी सुतळी आणून देते म्हणाली, आणखी एक पँट फुकट शिवते म्हणाली. फाटक बंद झालं ते झालंच. काकांनी सगळ्या ओळी पुन्हा बांधल्या, एक सोडून. ती त्यांनी तशीच लोळत ठेवली. "अहो, ती पण बांधा की," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "पुरावा आहे तो." जणू उद्या कोर्टच मळ्यात भरणार होतं.

त्यानंतरचे शनिवार दुकानात गेले. पोरं रांगेत बसून कात्र्यांकडे अपराध्यासारखी बघत. भाचीने जेवण टाकलं, म्हणजे दुपारचं. रात्रीचं वहिनींनी टाकू दिलं नाही. आत्याने एका फ्रॉकला डाव्या बाहीच्या जागी उजवी लावली, आणि गिऱ्हाईक गेल्यावर स्वतःशीच म्हणाली, "चूक पोरांची नाही. पोरांनी माझं वाक्य ऐकलं, एवढंच." तिची पाठ पुन्हा पूर्वीसारखी वाकली. यावेळी तिने मोजली नाही.

काही आठवड्यांनी मळेकाका दुकानात शिरले आणि एक भलंमोठं पोतं त्यांनी कापायच्या टेबलावर दाणकन ठेवलं. पोत्याचं तोंड उघडलं. आतून काकड्या बाहेर घरंगळल्या: अर्धगोल, आकड्यासारख्या, कोयत्यासारख्या, एक तर स्वतःचीच शेपूट शोधत निघालेली. टांगलेली काकडी सरळ वाढते. जमिनीवर लोळणारी वाट फुटेल तिकडे वळते.

"ही घ्या तुमची शिलाई," काका म्हणाले.

आत्याने एक उचलून पाहिली. "चवीला कशा आहेत?"

"चवीला काय धाड भरलीय? पण घेणार कोण? लोकांना काकडी फूटपट्टीसारखी लागते."

"मी विकून दाखवते," आत्या म्हणाली. हे वाक्य तिला कळायच्या आधीच तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. "रविवारी. पोरांना घेऊन."

काकांनी पोरांच्या रांगेकडे पाहिलं. रांगेने कात्र्या पाठीमागे लपवल्या. "ठीक. एकही काकडी माघारी आली नाही, तर फाटक उघडं. एक जरी उरली, तर पुन्हा नाव काढायचं नाही."

रविवारी काकांच्या गाळ्यावर सरळ काकड्या शिस्तीत मांडल्या होत्या. शेजारच्या टेबलावर आत्या, पोरं आणि तो वाकडा ढीग. बाजार फुलला होता, पण लोक यायचे, बघायचे, हसायचे आणि काकांकडून सरळ घेऊन जायचे. आत्याला विक्री कुठे येत होती? दुकानात ती गिऱ्हाइकाला दटावत असे, आणि इथेही तिने तेच सुरू केलं.

"ह्या वाकड्या का हो?" एका बाईंनी विचारलं.

"तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, मी विचारलं का कधी?"

बाई चालत्या झाल्या. भाची कळवळून म्हणाली, "आत्या, तू बोलू नकोस ना!"

"अगं, पण खरंच खाली आहे! त्यांचा प्रत्येक ब्लाउज मी त्या मापाने शिवते. सरळ माणूस मी आजवर पाहिलेलाच नाही. ज्याला जसं माप, तसं..." आणि आत्या थांबली. भाचीही थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आत्याने जे केलं ते तिला ओळखणाऱ्या कुणालाही खरं वाटलं नसतं. तिने गळ्यातली टेप काढून पोरीच्या हातात दिली.

भाची खुर्चीवर चढली आणि ओरडली, "मापाची काकडी! इथे माप घेऊन काकडी मिळेल! हसा आणि काकडी घ्या!"

एक टक्कल पडलेले गृहस्थ थबकले. "कसलं माप?"

"हसण्याचं. हसा ना काका. अहो, दात दाखवून!" ते हसले. भाचीने ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत टेप वळवून धरली, ढिगात शोधलं आणि अगदी त्याच वळणाची काकडी त्यांच्या तोंडापुढे धरली. तंतोतंत! त्यांची बायको एवढी हसली की तिला आणखी मोठी द्यावी लागली.

मग रांग लागली. बाजारात भाजीसाठी रांग लागते, हसण्यासाठी लागलेली ही पहिलीच. एक पोर माप घेई, दुसरं आकडा ओरडे, तिसरं ढिगात डोकं घालून काकडी शोधी. आत्या मागून कारागिरांवर देखरेख करावी तशी गर्जत होती, "सैल धरू नकोस! गालावरून घे!" एका आजोबांचं माप घेताना बटणला कळेना की दात नसतील तर कुठून मोजायचं, आजोबाच म्हणाले, "कानापासून कानापर्यंत घे, पोरी." मघाच्या डाव्या खांद्याच्या बाईसुद्धा परत आल्या. एक साहेब मात्र हसायलाच तयार होईनात. भाचीने त्यांना नम्रपणे काकांच्या गाळ्याकडे पाठवलं. "सरळ तोंडाच्या तिकडे मिळतात."

काकांच्या गाळ्यावरची आता माशीसुद्धा हसण्याच्या रांगेत गेली होती.

ढीग संपत आला, बाजारही. शेवटी एकच काकडी उरली, तीच, स्वतःची शेपूट शोधणारी. एवढं मोठं हसू कुणालाच जमेना. ताडपत्र्या उतरायला लागल्या. काका सावकाश टेबलापाशी आले, काकडीकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"एक उरली, बाई."

भाचीने टेप गुंडाळायला घेतली. बटण मात्र काकांच्या पायांकडे बघत होती. पँटच्या तळाशी, अगदी टाचेवर, एक लांबलचक दोरा लोंबत होता.

"अर्धवट काम," बटण म्हणाली आणि कात्री काढली.

"एऽ! ती कात्री लांब ठेव!" काका पँट धरून मागे उडी मारत ओरडले. मग त्यांनी वाकून दोरा पाहिला, हातात धरला आणि वर पाहिलं. "ही पँट शिवली कुणी?"

सगळ्या पोरांच्या माना एकदम आत्याकडे वळल्या. आत्या कानापर्यंत लाल. "घाईत..." ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही तेव्हा फार हलत होता..."

आणि काका हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग असे की काकू सरळ काकड्या तशाच टाकून बघायला धावल्या. लग्नानंतर हा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता. बटण टेबलावर चढली, टेप लावली, काकडी शेजारी धरली.

"बरोब्बर!" ती किंचाळली. "काकांच्या मापाची!"

काकांनी ती काकडी विकत घेतली, स्वतःच्याच मळ्यातली, आणि तिथेच उभ्याउभ्या कडाकड खाल्ली.

पुढच्या शनिवारी फाटक सताड उघडं होतं. खांबावर एक नवा खिळा ठोकलेला. प्रत्येक पोराने आपली कात्री त्यावर अडकवली, मगच आत पाऊल टाकलं. काकांनी नव्या वेलांना सुतळ्या सोडल्या होत्या, पण बांधाकडेच्या दोन ओळी तारेविना मोकळ्या ठेवल्या होत्या.

"ह्या राहिल्या की काका बांधायच्या," भाची म्हणाली.

"राहिल्या नाहीत," काका गुरगुरले. "गेल्या रविवारपासून लोक विचारतायत मला."

आत्या बांधावरून पुढे निघाली होती, पोरांची माळ मागे घेऊन. काकू वहिनींच्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आज उंच दिसताय हो." आत्याने गळ्याकडे हात नेला. टेप तिथे नव्हती. ती बटणकडे होती, आणि बटण कोंबडीचं हसू मोजायला धावत होती.