बुजवलेल्या पायऱ्या

लग्न होऊन मी आसेगावजवळच्या एका लहान गावात आले, तेव्हा सोळा वर्षांची असेन. गावाला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर होती आणि तिच्यात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभं राहायचं, हंडा बुडवायचा आणि डोक्यावर घेऊन वर यायचं. माहेरी दोरानं पाणी ओढून माझे तळहात सोलून निघत. त्यामुळे ही विहीर पाहून मला बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या घोट्यावर फोड आला. निखारा ठेवल्यासारखी आग होई. तिसऱ्या दिवशी फोड फुटला आणि आत पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसलं. सासूबाईंनी एकदा वाकून पाहिलं.

"नारू हाय," त्या म्हणाल्या. "होते सगळ्याइले."

त्यांनी एक बारीक काडी आणली आणि ते टोक तिच्याभोवती गुंडाळलं. रोज एखादा वेढा, जास्त नाही. ओढताना नारू तुटला तर पाय सुजतो आणि पिकतो. घरातली सगळी माणसं पेरणीला गेली आणि मी महिनाभर खाटेवर. आग सोसवेनाशी झाली की दुपारी काठी टेकत विहिरीवर जायची, शेवटच्या पायरीवर बसायची आणि पाय पाण्यात सोडायची. लगेच थंड वाटे. गावातल्या सगळ्याच नारूवाल्या बायका तसं करत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत सासूबाईंच्या दोन्ही पायांत नारू निघाला आणि धाकट्या दिराच्या गुडघ्यात. गावात आणखीही बरेच जण पडले. त्या वर्षी सरकारी दवाखान्याचे एक डॉक्टर गावोगाव फिरत होते. सासरे गावातले मोठे शेतकरी, म्हणून डॉक्टर आमच्याच ओसरीवर उतरले. त्यांनी आमच्या रांजणातलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि उन्हात धरलं.

"हे पांढरे ठिपके हलताना दिसतात का?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं. "दुखरा पाय पाण्यात बुडवला की नारू पाण्यात पिल्लं सोडतो. ती या किड्यांच्या पोटात जातात आणि हे किडे पाण्याबरोबर तुमच्या पोटात. साधारण वर्षभरानं तोच नारू पायातून बाहेर येतो."

"वर्षानं?" सासऱ्यांनी विचारलं.

"वर्षानं. पाणी दुहेरी कापडानं गाळा आणि त्या पायऱ्या बंद करा."

मी दाराआड उभी होते. वर्ष म्हटल्यावर मला हिशेब करायची गरजच पडली नाही. सासऱ्यांसमोर मी कधी आपणहून बोलत नसे, पण त्या दिवशी बोलले.

"मामाजी, मागच्या साली मीच पाय सोडून बसत होती पाण्यात."

सासऱ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. मग आतल्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "तिच्या आधी मी बसली. माह्या आधी माही सासू बसली असन. तिले कायले बोलता?"

मला कोणी बोललं नव्हतंच. तरीही त्यांनी ते म्हटलं, याचं मला फार बरं वाटलं.

सासऱ्यांनी आठ दिवसांत काम काढलं. पायऱ्यांच्या तोंडाशी दगड रचून वाट बंद केली, विहिरीला कठडा बांधला, दोन खांब उभे केले आणि रिसोडच्या बाजारातून दोर ओढायला लोखंडी गडगडी आणली. दोर एक, बादली एक. घरचं भांडं विहिरीत टाकायचं नाही, असं ठरलं. बायका कुरकुरल्या. एकटी राहणारी एक म्हातारी सासऱ्यांना म्हणाली, "म्या दोर ओढू कशी? पायऱ्या होत्या तं बसत-उठत उतरत होती."

 मी म्हटलं, "आजी, तुमचा हंडा मी भरून देत जाईन."

एकीचं कबूल केलं, तर पंधरा दिवसांत सातजणी झाल्या. दोर-बादली सांभाळायचं कामही माझ्याकडेच आलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बायकांना विहिरीला शिवायची मुभा नव्हती. आधी त्या वर उभ्या राहून कोणी पाणी वाढतं का याची वाट पाहत. आता मी ओढून त्यांच्या घागरीत ओतू लागले. दोर मात्र मी त्यांच्या हातात दिला नाही. एकदा त्यांच्यातली एक शांतपणे म्हणाली, "बाई, आमी ओढलं तं नारू येईन काय?" मी मान खाली घालून बादली ओतली.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी पाहिलं तर पायऱ्यांवरचे तीन दगड सरकवलेले होते. सासरे संतापले. मी त्या दुपारी कडुनिंबाखाली बसून राहिले. उन्हं तापली तशी आमच्या गल्लीतली एक सून लंगडत आली आणि दगडांशी झटू लागली. मला पाहून ती खालीच बसली.

"पाय जळून राह्यला," ती म्हणाली. "एकडाव बुडवू द्या, पाया पडतो तुमच्या."

तिला काय होतंय ते मला ठाऊक होतं. मी बादली ओढली, तिला विहिरीपासून लांब कडुनिंबाखाली नेलं आणि घमेल्यात पाणी ओतलं. तिनं पाय आत सोडला आणि डोळे मिटले.

"तुमच्या मामाजीले सांगसान?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"नाही."

ते पाणी मी तापलेल्या मातीत लांब नेऊन टाकलं. मग ती बसल्या बसल्या दगड पुढे करत गेली आणि मी रचत गेले. त्या दिवसापासून घमेलं कडुनिंबाखालीच राहिलं. ज्याचा पाय जळेल त्यानं तिथं बसावं, पाणी मी देईन, असं मी घरोघर सांगितलं. दगडांना पुन्हा कोणी हात लावला नाही. त्या सुनेचा नारू अखंड निघाला आणि बरी झाल्यावर सकाळच्या वेळी माझ्याबरोबर दोराला तिचेही हात लागू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात चार जणांना नारू झाला, त्याच्या पुढच्या वर्षी एकाच माणसाला. तो बाहेरगावी सालदार होता, तिथलं पाणी प्यायलेला. आम्ही गाळण्याची कापडं धुऊन वाळवत राहिलो, दोर झिजला की नवा वळून घेत राहिलो. नारू गेला हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. एका मृगात पेरणी चालू असताना सासूबाई शेताच्या कडेला धुऱ्यावर भाकरी सोडायला बसल्या आणि रानभर नजर फिरवून म्हणाल्या, "औंदा कोणी घरी राह्यलं नाई." मग त्यांनी मला कांदा फोडून दिला आणि आम्ही जेवलो.