अर्ध्या कोअरची शर्यत

आमच्या कार्टून स्टुडिओतला मिस्तरी तसा गरीब गाय. कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हणून मिस्तरी. पण लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमचा विषय निघाला की समोरच्याचं जेवण निवेपर्यंत ऐकवायचा. "प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, ढीगभर असतील, पण त्यांना कामाला जुंपायचं कसं, ते लिनक्सलाच कळतं," म्हणायचा.

त्याची थोरली बहीण, आमची सगळ्यांचीच ताई, आतल्या खोलीत आवाजाचं काम करायची. पात्रांचं बोलणं, पावलं, दारं, सगळं तिच्या हातचं. तिचं सॉफ्टवेअर मात्र फक्त दुसऱ्या सिस्टीमवर चालायचं.

सिस्टीम कशाशी खातात हे मालकांना ठाऊक नाही. दोनदोन सिस्टीमचा व्याप नको होता, एवढंच. "जी वेगवान, ती ठेवू," म्हणाले. मिस्तरीनं ताईचं मशीन घेतलं, शेजारी अगदी तसलंच लिनक्सचं ठेवलं आणि दोन्हींवर एकच सीन रेंडरला, म्हणजे चित्रांची फिल्म बनवायला, लावला. लिनक्सनं निम्म्या वेळात उरकला. मिस्तरी हवेत. सगळीकडे लिनक्स आलं आणि ताई बाहेरच्या टेबलावर फोन घ्यायला बसली. माझं डोकं फिरलं होतं, पण तीच चकार शब्द बोलेना, तर मी कोण बोलणार?

परवा तिच्या जुन्या मशीनची सेटिंग उघडून बसला आणि मिस्तरीचा चेहरा पांढराफटक पडला. निम्मे कोअर बंद होते. त्यानंच केलेले, उन्हाळ्यात. पंख्याची घरघर ताईच्या रेकॉर्डिंगमध्ये यायची. कोअर कमी केले की मशीन तापत नाही, पंखा गप्प. बहिणीसाठी केलं आणि साफ विसरला.

सगळे कोअर चालू करून त्यानं पुन्हा तोच सीन लावला. लिनक्स पुढेच, पण नखभर. तो तसाच मालकांकडे गेला.

"जिंकलं ना शेवटी? मग आता कशाला उकरून काढतोस?" मालक म्हणाले.

दुपारी त्यानं डबा उघडला नाही. ताईच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"ताई, मी माती खाल्ली. तुझं काम माझ्यामुळे गेलं." आणि त्यानं सगळं सांगितलं.

तिनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. "मालकांनी मला विचारलं होतं रे, तुमची काही हरकत आहे का म्हणून. मी नाही म्हटलं."

"का पण? भांडायचंस की."

"तू मोजलं होतंस ना," ताई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला आणि तिनं उचलला.