चाळीस दिवसांची गैरहजेरी

नौदलात वकिली करते म्हटलं की आमच्या कुरुंद्यातली माणसं विचारतात, समुद्रात कसली आली कोर्टकचेरी? मी सांगते, बाबांनो, माणूस आहे तिथं भांडण आहे अन् भांडण आहे तिथं आमी आहोत. आता या कायदा शाखेत बऱ्याच वरच्या हुद्द्यावर आहे, पण कुठंही नाक खुपसायची खोड काही गेली नाही. ती एकदा एका पोराच्या कामी आली.

तो नौसैनिक वारंगा फाट्याजवळच्या खेड्यातला. रजा संपल्यावर चाळीस दिवस गैरहजर राहिला, म्हणून कोर्टमार्शल लागलं. बचावाचं काम माझ्याकडे होतं. पटण्याजोगं कारण दिलं नाही तर नोकरी जाईल, हे त्याला तीनदा समजावलं. तो आपला हिंदीत एवढंच म्हणायचा, घरी अडचण होती. कसली, ते सांगेना. मला राग आला, अन् त्याहून जास्त कुतूहल. नोकरीपेक्षा जड असं काय असेल याच्या पोटात?

सुट्टीत गावी जाताना फाट्यावर उतरले अन् त्याचं घर हुडकलं. बाप मोडका पाय लांब करून बाजेवर बसलेला. म्हणाला, पोरगं रजेवर आलं अन् त्याच आठवड्यात माझा पाय मोडला. मेंढरं लांब दुसऱ्याच्या रानात खतासाठी बसवलेली, त्यात व्यायला आलेली, राखायला दुसरं माणूस न्हाई. पोरानं काठी घेतली ती चुलता येईस्तोवर खाली ठेवली न्हाई. मग हे तो सांगत का नाही, मी विचारलं. म्हातारा खाली बघत म्हणाला, "तिथं त्यानं बाप बागायतदार हाय म्हनून सांगितलंय, बाई."

हात्तिच्या, एवढ्यासाठी! पण वकिलाची हीच तर तकलीफ, अशिलानं हो म्हटल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

परत आल्यावर त्याला समोर बसवलं अन् पहिल्यांदाच आपल्या बोलीत झापलं, काहून लपवून राहिला रे? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील काय करतात, हे इथं कुनाला माहीत हाय?"

माझ्या बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मजुरीनं हळद शिजवली. मेसमध्ये कुणी विचारलं की मी म्हणायचे, शेती. फार लाज वाटली, त्यांची नव्हे, माझी. त्याला सगळं खरं सांगून टाकलं. तेव्हा तो म्हणाला, सांगतो मी.

कोर्टात ताठ उभा राहिला. चाळीस दिवस काय करत होतास, असं विचारल्यावर म्हणाला, मेंढरं राखत होतो. अध्यक्षांनी विचारलं, किती पिल्लं जगली? एक सोडून सगळी, तो म्हणाला. शिक्षा झाली, ज्येष्ठता गेली, पण नोकरी राहिली.

त्या संध्याकाळी बाबांना फोन लावला. कुणाचं नाव न घेता झालेलं सांगितलं अन् म्हटलं, बाबा, तुमी काय काम करायचे ते मी आता इथं सगळ्यांना सांगणार आहे.

बाबा म्हणाले, "मंग आतापर्यंत काय सांगत व्हतीस?"